एका दोरीतले हात

माझ्या घरी, पोशीरला, निरोप गेला तो असा: तुमच्या पोरीला तिथे दाव्याला बांधलंय. एकटीला नाही, पोरापोरींना मिळून एकाच दाव्याला.

निरोप माझ्या आत्याने धाडला होता. ती खोटं बोलली असं मी तेव्हाही म्हटलं नाही आणि आजही म्हणणार नाही. तिने जे पाहिलं तेच सांगितलं. फक्त तिने ते शाळेच्या खिडकीच्या गजांतून पाहिलं होतं, आणि त्या वेळी रस्त्यावरून ट्रक जात होते, त्यामुळे आतलं गाणं तिला ऐकू आलं नसावं.

त्या वर्षी मी मॅट्रिकची परीक्षा दिली होती. लहानपणी देवी आल्या त्यात माझे डोळे गेले. पुढे अंध मुलींच्या वसतिगृहाच्या शाळेत राहून शिकले. आमच्या घरात कॉलेज हा शब्द माझ्यामुळे आला. आई तो ‘कालेज’ असा म्हणायची आणि म्हणताना आवाज खाली आणायची, जणू शेजारी कुणी ऐकलं तर ते मिळायचं नाही. शाळेतल्या मोठ्या बाईंनी सांगितलं होतं की पुण्याच्या एका कॉलेजात संगीत हा विषय घेऊन मला प्रवेश मिळू शकेल, पण आधी तिथे गाऊन दाखवावं लागेल. ते जमलं नाही तर दुसरं कॉलेज त्यांच्या ओळखीत नव्हतं. म्हणजे जमलं नाही तर पोशीर. पोशीरला राहून मी काय केलं असतं हे कुणी बोलून दाखवत नसे. तांदूळ निवडायलासुद्धा मला कुणी देत नव्हतं, खडे राहतील म्हणून.

अशा परीक्षेला जाणाऱ्या अंध मुलामुलींसाठी मे महिन्यात खालापूरजवळ कुंभिवलीला संगीताचं शिबिर ठेवलं होतं. सुट्टीमुळे रिकामी पडलेली शाळा, राहणं-जेवण तिथेच, फी नाही.

फी नाही, हेच बाबाला खटकलं. त्याने मोठ्या बाईंना ते पुन्हा पुन्हा विचारलं. घरी येऊन म्हणाला, फुकट चारा घालणारा आधी जनावराचे दात बघतो. त्याने नेरळच्या स्टेशनात एक आंधळं जोडपं पाहिलं होतं. दोघं गायची आणि एक डोळस माणूस पुढे चालत डबा फिरवायचा. डबा त्या माणसाकडेच राहायचा. आंधळ्याला गाणं शिकवतात म्हणजे काय शिकवतात, याचं बाबाकडे एवढंच उदाहरण होतं, आणि ते खोटं नव्हतं. मीही मनातून घाबरलेली होते. शेवटी त्याने मला पाठवलं ते एकाच कारणाने. कुंभिवलीला रस्त्यालगत आत्याची चहाची टपरी होती. तिचं लक्ष राहील, असं तो म्हणाला. मला वाटलं, माझ्यावर माया म्हणून. नंतर कळलं, लक्ष शाळेवर ठेवायचं होतं.

आम्ही सात-आठ जण होतो, निम्म्या मुली. शिकवणारे मास्तर एका हायस्कुलातून निवृत्त झालेले, डोळस. त्यांची बायको, तिला आम्ही काकू म्हणायचो, स्वयंपाक करायची आणि रात्री मुलींच्या खोलीत झोपायची. बाकडी भिंतीला रचून ठेवली होती आणि मध्ये सतरंजी. खडूची पूड अजून फरशीवर होती, ती तळव्यांना लागायची. माझ्या डाव्या बाजूला कर्जतचा एक मुलगा बसायचा. कोकणी मुसलमान घरातला, वडिलांचं बांगड्यांचं दुकान. आवाज उत्तम आणि तोंड सतत चालू.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी एकेकाला गायला लावलं आणि गाताना हाताने ताल दाखवायला सांगितला. तिथे आम्हा सगळ्यांचं पितळ उघडं पडलं. ताल आमच्या अंगात होता, तबल्यावरचा प्रत्येक बोल आम्हाला ओळखता येत होता. पण हात? तीनतालात पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी द्यायची. नवव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळी न देता हात बाजूला न्यायचा आणि तळवा वर करायचा. टाळी ऐकू येते, ती आम्ही द्यायचो. खालीला आवाजच नसतो. ती बघून शिकायची गोष्ट. आम्ही ती कधी बघितली नव्हती आणि आमच्याकडे बघून कुणी कधी सांगितलं नव्हतं. कुणी हात डोक्यावर नेला, कुणी मांडीवर ठेवून दिला. कर्जतच्या मुलाने हात असा बाजूला फेकला की माझ्या नाकावर बसला.

“ही खाली नाही, हा मार आहे,” मास्तर म्हणाले.

त्यांनी मुलांचे हात धरून शिकवले. मुलींचे हात ते धरेनात. काकूंना ताल येत नव्हता, त्यामुळे त्या धरून उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कपडे वाळत घालायची सुती दोरी काढून आणली. आम्हाला एका रांगेत बसवलं आणि प्रत्येकाचं उजवं मनगट त्या दोरीत अडकवलं. एका टोकाला मास्तर, दुसऱ्या टोकाला काकू. मास्तर तोंडाने मात्रा म्हणायचे आणि दोरी उचलायचे, खाली आणायचे की आम्हा सगळ्यांचा उजवा हात डाव्या तळव्यावर पडायचा. नववी मात्रा आली की दोरी बाजूला जायची आणि सगळे हात तिच्याबरोबर.

परक्या मुलींच्या हाताला हात लावायचा नाही, म्हणून ती दोरी होती. हे मला आता इतकं साधं वाटतं. तेव्हा तसं वाटलं नव्हतं.

मला त्या दोरीचा संशय यायचा. माझा हात शिकतो आहे की दोरीच हलते आहे, हे कळायचं कसं? शिवाय मास्तर आम्हाला जास्त वेळ एकत्र गायला लावत. कॉलेजात तर एकेकट्याला गायचं होतं. मग हा घोळका कशासाठी तयार होतो आहे? जवळच्या कारखान्यातले एक साहेब दोनदा येऊन दारात उभे राहून ऐकून गेले होते. बुटांचा आवाज, सिगारेटचा वास, आणि जाताना मास्तरांशी हळू बोलणं. मला नेरळचा तो डबा आठवायचा. बाबाने तो माझ्या डोक्यात ठेवून दिला होता.

एका दुपारी मी पाणी प्यायला गेले तेव्हा स्वयंपाकाच्या खोलीतलं बोलणं कानावर आलं. मास्तर काकूंना म्हणत होते, “पोशीरच्या मुलीला गळा आहे. हात मात्र मेलेला आहे. दोरीवर लोंबतो नुसता. तिला पाठवून फजिती करायची का, असं वाटतं.”

काकू काय म्हणाल्या ते ट्रकच्या आवाजात गेलं. मी पाणी न पिता परत आले. त्या दिवसापासून मास्तर ‘छान’ म्हणाले की मी त्यातलं खरं किती, हे चाचपत बसायचे.

दोन-तीन दिवसांनी तीनताल चालू असताना कर्जतचा मुलगा मध्येच थांबला.

“मास्तर, खिडकीशी कुणीतरी उभं आहे. काचेच्या बांगड्या आहेत. हातभर. एक तडकलेली आहे.”

मास्तर उठून बाहेर गेले. त्यांना कुणी दिसलं नाही. गुराखी असेल, असं म्हणून ते पुन्हा दोरी धरून बसले.

“गुराखी बांगड्या भरतात काय गं तुमच्याकडे?” तो मला हळूच म्हणाला.

तडकलेल्या बांगडीचा तो किणकिणाट मी आत्याच्या टपरीवर ऐकला होता.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी बाबा आला. एस.टी. बदलत बदलत, भर उन्हात. आम्ही दोरीतच होतो. त्याची खाकरण्याची रीत मी कुठेही ओळखते. मागोमाग बांगड्या. तो माझ्याकडे आला नाही, दारातच उभा राहिला असावा. मग म्हणाला, “सोडा तिला.”

मास्तरांनी बसा म्हटलं. तो बसला नाही. मास्तरांनी सगळं समजावून सांगितलं: ताल, टाळी, खाली, परीक्षा. शिकवायच्या आवाजात सांगितलं, आणि बाबाला तो आवाज आवडत नसे.

“गाणं गळ्यानं म्हंतात ना, मास्तर? मंग हात कशाला बांधता?”

“परीक्षक हात बघतात.”

“हात बघतात,” बाबा म्हणाला. “मंग गाणं कोन ऐकतं?”

कुणीतरी हसलं. मास्तर नाही हसले.

आत्या म्हणाली, “आनी ही पोरं पोरींच्या मधी कशाला बसवल्यात? तेबी परीक्षक बघतो?”

मास्तर म्हणाले की उंचीप्रमाणे बसवलं आहे, नाहीतर दोरी तिरपी होते. ते खरं होतं. पण खरं असूनही ते खोट्यासारखं ऐकू आलं. आता बाबा मला नेणार, संध्याकाळपर्यंत मी पोशीरला असेन आणि कॉलेज हा शब्द आमच्या घरातून जसा आला तसा जाईल, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी बोलायला हवं होतं. पण काय बोलणार? मास्तर चांगले आहेत, असं छातीवर हात ठेवून सांगण्याइतकी माझीच खात्री नव्हती.

बाबा रांगेच्या जवळ आला. त्याने माझं मनगट उचललं, गाठ चाचपली. मग शेजारच्या मुलाची. मग पलीकडच्या मुलीची, तिला विचारून.

“मला बांधा,” तो म्हणाला.

मास्तरांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. बाबाने परत सांगितलं. कर्जतच्या मुलाने सरकून जागा दिली आणि बाबा माझ्या शेजारी मांडी घालून बसला. घामाचा आणि तंबाखूचा वास आला. मास्तरांनी त्याच्या मनगटाला दोरी बांधली.

“आता वाजवा काय ते.”

तीनताल सुरू झाला. आम्ही गायलो. बाबाचा हात उचलला की दोरी जड व्हायची आणि आमचे सगळ्यांचे हात अडखळायचे. टाळ्या तो जोरात द्यायचा, वेळेआधीच. खालीला दोरी बाजूला जाऊ लागली की तो ती ओढून धरायचा, बैल वळत नसला की धरतात तशी. दुसऱ्या आवर्तनात कर्जतचा मुलगा म्हणाला, “चाचा, सोडा ना जरा, आम्हाला कॉलेजात जायचंय.”

सगळी रांग हसली. बाबाही थोडा हसला असावा, पण दोरी त्याने सोडली नाही. बरीच आवर्तनं झाली. मग त्याने डाव्या हाताने गाठीचं एक टोक ओढलं. गाठ सुटली. त्याने ती परत तशीच बांधायला लावली आणि परत सोडून पाहिली. आम्हा सगळ्यांच्या गाठी तशाच होत्या. एक टोक ओढलं की मोकळं.

“जनावराला अशी गाठ कोनी मारत नाय,” तो आत्याला म्हणाला.

“मंग?”

“मंग काय. राहूं दे.” मग त्याने मास्तरांना सांगितलं, “पन ही रोज येऊन बसंल.”

ही म्हणजे आत्या. मास्तरांबद्दलचा संशय बाबाने असा अर्धाच सोडला. उरलेला अर्धा आत्याच्या रूपाने, टपरी शेजारणीच्या भरवशावर टाकून रोज दुपारी आमच्या दाराशी येऊन बसू लागला.

आत्या गप्प बसणारी नव्हती. डाळ पातळ आहे, हे तिने पहिल्याच दिवशी काकूंना सांगितलं. मास्तरांना वाटायचं, ती भांडी मोजायला येते. तिला वाटायचं, ती असताना मास्तर वेगळं शिकवतात आणि नसताना वेगळं. म्हणून ती कधी लवकर यायची, कधी उशिरा. कारखान्याचे साहेब आले तेव्हा तिने सरळ विचारलं, “काय हवंय?” त्यांना वर्धापनदिनाला मुलांकडून स्वागतगीत हवं होतं. म्हणजे माझा संशय अगदीच हवेतला नव्हता. मास्तरांनी त्यांना हो म्हटलं होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही. आत्यासमोर मात्र ते नाही म्हणाले, आणि साहेब परत आले नाहीत.

बसून बसून आत्याला ताल लागला. दाराच्या चौकटीला टेकून ती हात हलवायची असेल, कारण समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेला, तिच्या बांगड्या वाजू लागल्या. आधी मागेपुढे, मग नेमक्या.

“तुझ्या आत्या आता पास होतील,” कर्जतचा मुलगा म्हणायचा. “तुझं बघ.”

माझं तसंच होतं. आत्याही म्हणाली एकदा, “तुजा हात गं असा काय, झोपेतल्यासारखा?” काकू भाजी आणायला खोपोलीला गेल्या की दोरीचं टोक आत्या धरायची. ती विहिरीतून घागर ओढल्यासारखी दोरी ओढायची. मनगट दुखायचं, पण हात जागेवर पडायचा.

शेवटच्या आठवड्यात मास्तरांनी दोरी काढली. बाकीच्यांचे हात थोडे डगमगून चालू राहिले. माझा हात खालीच्या जागी हवेत थांबून राहायचा, ओढण्याची वाट बघत. मी मास्तरांना एकदा बाजूला गाठून म्हटलं की मला अजून बांधा. ते म्हणाले, “बांधलं तर तू तिथेच राहशील, पोरी.” त्यांनी मला पुण्याला पाठवायचं ठरवलं. माझी तयारी झाली म्हणून, की बाबा परत येईल म्हणून? हे मी त्यांना विचारू शकले नाही.

पुण्याला माझ्याबरोबर आत्या आली. पोरीला दुसरीकडेच उतरवतील, अशी बाबाला शंका होती. खंडाळ्याचा घाट चढताना आत्या लिंबू हुंगत बसली होती आणि मी मांडीवर सोळा मात्रा मोजत होते.

कॉलेजात एका खोलीत दोन परीक्षक होते, एक सर आणि एक बाई. तबल्यावर आणखी कुणीतरी. आत्याला दाराशी खुर्ची दिली. मी गाऊ लागले आणि हात उचलला. आणि हात आला. टाळी, टाळी, खाली, टाळी. हात थांबला नाही, डगमगला नाही. मला वाटलं, जमलं. माझा गळा मोकळा झाला.

“थांबा,” सर म्हणाले.

मी थांबले.

“त्या बाई कोण आहेत?”

मी सांगितलं, आत्या.

“त्या तुम्हाला ताल दाखवताहेत. समेला बांगड्या वाजतात. त्यांना बाहेर बसवा.”

मला पहिल्यांदा त्यांचं म्हणणंच कळेना. मी बांगड्या ऐकल्याच नव्हत्या. निदान, ऐकल्या असं मला आठवत नव्हतं.

आत्या उठली. “मी काय चोर हाय? बसल्या जागी हात हलला असंल.”

“बाई, तुम्ही रागावू नका. पण आवाज झाला.”

“आवाज झाला तर काय करू? बांगड्या काढून ठेवू? नवरा जिता हाय माजा.”

परीक्षक बाई हसल्या, पण आत्याला बाहेर जावंच लागलं. दार लावलं गेलं. खोलीत पंख्याचा आवाज राहिला. सरांनी आता तीनताल नको म्हटलं. झपताल दाखवा, दहा मात्रांचा. दोन्ही तालांची आमची तयारी होती, पण झपताल दोरीवर फार थोडा झाला होता.

मी गायले. त्या खोलीत मला कुणाचाच आधार नव्हता आणि सर माझ्या हाताकडे चोराकडे बघावं तसे बघत असणार. टाळी पडली. सहाव्या मात्रेची खाली आली आणि माझा हात थांबला. किंचितच. मग गेला. मनगट स्वतःहून बाजूला वळलं, तळवा वर झाला. पुढच्या आवर्तनात परत तसंच, थांबून मग. मी गाणं सोडलं नाही. गळा कुठेही चुकला नव्हता, हे मला कळत होतं. प्रत्येक आवर्तनाला हात थोडा मागून येत होता, एखाद्याला हाक मारावी आणि त्याने चपला घालून यावं तसा. पण येत होता.

संपल्यावर बाईंनी जवळ येऊन विचारलं, “खालीच्या आधी थांबता का तुम्ही?”

मी दोरीचं सांगितलं. सरांनी परत विचारलं, खरंच दोरी बांधायचे? मी हो म्हटलं. त्यांना ते आवडलं की वाईट वाटलं, ते आवाजावरून कळलं नाही.

मग बाई म्हणाल्या, “हात उशिरा येतो. वर्षभरात येईल वेळेवर. गळा आहे.” आणि सरांना म्हणाल्या, “आत्याबाईंना आता आत बोलवा. चहा तरी घेऊ दे त्यांना.”

मला प्रवेश मिळाला. मात्र पहिल्या वेळी तीनतालात माझा हात इतका सरळ कसा आला, हा प्रश्न मला सोडत नाही. कदाचित बांगड्यांमुळे. कदाचित दरवाज्याशी आत्या आहे, एवढ्यानेच. त्या बाबतीत सरांचा संशय खोटा होता, असं मी अजूनही ठामपणे म्हणू शकत नाही.

परतताना आत्या घाटभर सरांना शिव्या देत होती. चहा चांगला होता, असंही म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीत मी वसतिगृहातून पहिल्यांदा घरी आले. भात झोडणं चालू होतं, अंगणभर पेंढ्याचा वास होता. आईने ‘कालेज’बद्दल विचारलं, या वेळी आवाज खाली न आणता. बाबा खळ्यावरून आला. कशी आहेस, असं काही म्हणाला नाही. त्याने माझा उजवा हात घेतला आणि अंगठ्याने मनगट चोळून चोळून पाहिलं, वरून, मग आतल्या बाजूने.

“तिथं बांधत नाय ना?”

“नाही, बाबा.”

“बरं,” तो म्हणाला. आणि मग त्याने डावा हातही पाहिला.